बोटाभोवतीचे निळे वलय काय सांगते?

आरोग्य मेळाव्यांत किंवा ‘ऊर्जा तपासणी’च्या शिबिरांत कधीकधी एक लहानसे यंत्र मांडलेले असते. काचेच्या पट्टीवर बोटाचे टोक टेकवायचे, वर काळे कापड ओढायचे आणि कळ दाबायची. बारीक तडतड ऐकू येते, विजेच्या ठिणगीसारखा वास येतो आणि क्षणभरात पडद्यावर किंवा फिल्मवर बोटाचे चित्र उमटते. बोट काळे आणि त्याच्या भोवती निळ्या-जांभळ्या केसरांचे झगमगते वलय. चित्र देखणे असते, यात शंका नाही. मग या वलयाकडे बोट दाखवून सांगितले जाते, ‘इथे तुटलंय बघा, म्हणजे यकृत अशक्त आहे. इथे विरळ आहे, म्हणजे साखर वाढणार आहे.’

या प्रकाराला किर्लियन छायाचित्रण म्हणतात. ते करणारा कॅमेरा म्हणजे खरे तर उच्चदाबाची वीज देणारे एक यंत्र असते. त्यातून मिळणारे चित्र बनावट नसते. बोटाभोवती प्रकाश खरोखरच पडलेला असतो आणि तोच टिपला जातो. पण तो प्रकाश कशाचा, आणि त्यावरून आजार ओळखता येतो का, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. पहिल्याचे उत्तर भौतिकशास्त्राकडे आहे. दुसऱ्याच्या उत्तरावर मात्र एखाद्या रुग्णाचे पुढचे सहा महिने अवलंबून असू शकतात.

क्रास्नोदारमधील ठिणगी

दक्षिण रशियातील क्रास्नोदार या शहरात सेम्यॉन किर्लियन नावाचे एक विद्युत तंत्रज्ञ राहत. १९३९ मध्ये एका रुग्णालयात उच्च वारंवारतेच्या विजेने उपचार चालू असताना काचेचा इलेक्ट्रोड आणि रुग्णाची त्वचा यांच्यामध्ये चमकणाऱ्या लहान ठिणग्या त्यांच्या नजरेस पडल्या. त्या फिल्मवर पकडता येतील का, हा विचार त्यांच्या मनात आला. पत्नी व्हॅलेन्टिना यांच्या साथीने त्यांनी पुढची अनेक वर्षे घरीच प्रयोग केले. या पद्धतीसाठी १९४९ मध्ये त्यांना सोव्हिएत सरकारकडून पेटंटवजा प्रमाणपत्रही मिळाले. सजीवाच्या प्रकृतीतील बदल या चित्रांत उमटतात, असे या दांपत्याचे मत बनले होते.

विजेने चित्र उमटवण्याची कल्पना मात्र त्यांच्याही आधीची आहे. जर्मनीतील गॉटिंगेन येथे गेऑर्ग लिख्टेनबर्ग या प्राध्यापकांना १७७७ मध्ये राळेच्या वडीवर विजेचा भार सोडल्यावर त्यावरील धुळीत झाडाच्या फांद्यांसारखी नक्षी उमटलेली दिसली. आजही अशा नक्षीला त्यांचेच नाव आहे. डॉक्टरांना तिची ओळख वेगळ्या कारणाने असते. वीज अंगावर पडून वाचलेल्या काही माणसांच्या छातीवर किंवा पाठीवर नेच्याच्या पानासारखे लालसर वळ दिसतात. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत ते आपोआप पुसट होतात. मराठवाडा आणि विदर्भात पावसाळ्याच्या तोंडावर शेतात वीज पडून माणसे दगावतात. अशा वेळी बेशुद्ध सापडलेल्या माणसाच्या अंगावर ही नक्षी दिसली, तर नेमके काय घडले हे लगेच कळते.

किर्लियन यांचे नाव जगभर पसरले ते १९७० मध्ये. त्या वर्षी ‘सायकिक डिस्कव्हरीज बिहाइंड द आयर्न कर्टन’ हे दोन लेखिकांचे पुस्तक अमेरिकेत निघाले आणि ‘रशियनांनी तेजोवलयाचा फोटो काढला’ ही बातमी घरोघरी पोहोचली. देवादिकांच्या चित्रांतील प्रभामंडळ लहानपणापासून पाहिलेल्या आपल्याकडच्या वाचकाला ही गोष्ट लगेच पटण्यासारखी होती.

कॅमेरा चालतो कसा?

या कॅमेऱ्याला भिंग नसते आणि बाहेरचा उजेडही लागत नाही. जुन्या पद्धतीत खाली धातूची एक पट्टी असते. ती उच्चदाब देणाऱ्या कॉइलला जोडलेली असते. तिच्यावर काच किंवा दुसरा विद्युतरोधक थर, त्यावर फिल्म आणि फिल्मवर बोट, पान किंवा नाणे. हे सारे अंधारात करायचे. कळ दाबली की पट्टीवर काही हजार व्होल्टचा दाब येतो. त्याची दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होत असते. एक-दोन सेकंदांत काम होते आणि मग फिल्म नेहमीसारखी धुवायची.

एवढ्या दाबाखाली बोट आणि फिल्म यांच्यामधली हवा टिकाव धरत नाही. कोरडी हवा एरवी विजेला अडवते, पण एका सेंटिमीटरला सुमारे ३०,००० व्होल्ट इतका ताण आला की तिच्यातील रेणूंचे इलेक्ट्रॉन सुटतात. बोट आणि फिल्म यांच्यातले अंतर मिलिमीटरच्या अंशाइतके असल्याने तिथे थोड्या व्होल्टमध्येही हे घडते. सुटलेले इलेक्ट्रॉन नायट्रोजनच्या रेणूंवर आदळतात आणि ते रेणू निळसर-जांभळा प्रकाश व अतिनील किरण बाहेर टाकतात. याला कोरोना डिस्चार्ज म्हणतात. कोरोना म्हणजे मुकुट. विषाणूलाही हे नाव त्याच्या मुकुटासारख्या आकारावरूनच मिळाले. यंत्रापाशी येणारा तो वास असतो ओझोन वायूचा.

थोडक्यात, चमकते ती बोटाभोवतीची हवा. तिथली हवा पूर्णपणे काढून टाकली तर वलयही नाहीसे होईल, मग माणूस कितीही ठणठणीत असो. आणि बोटाच्या जागी रुपयाचे नाणे ठेवले तर त्याच्याभोवतीही असेच सुंदर वलय उमटते. नाण्याला यकृत नसते.

हीच घटना आपल्या आजूबाजूला रोज घडत असते. पावसाळी हवेत उच्चदाब वाहिनीच्या मनोऱ्याखालून जाताना जी सूं-सूं ऐकू येते, ती याच कोरोनाची. अतिनील किरण टिपणारे खास कॅमेरे वापरून वीज कंपन्या अशा वाहिन्यांवरचे खराब झालेले इन्सुलेटर शोधतात. चेस्टर कार्लसन यांनी १९३८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये कोरड्या पावडरीने पहिली प्रत काढली आणि त्यातून झेरॉक्स यंत्र जन्माला आले. अशा कित्येक यंत्रांत ड्रमवर विजेचा भार पसरवण्याचे काम कोरोना सोडणारी बारीक तार करते. याचा अर्थ उच्चदाबाच्या विसर्जनाचा अभ्यास ही भाकडकथा नव्हे. त्यातून उपयोगाची यंत्रे निघाली आहेत.

चित्र बदलते ते कशामुळे?

आता मुख्य मुद्दा. एकाच माणसाच्या एकाच बोटाची दहा चित्रे काढली तर ती दहाही वेगवेगळी येऊ शकतात. कारण यंत्र चालवणाऱ्याच्या हातात बऱ्याच गोष्टी असतात. व्होल्ट वाढवले की केसर लांब होतात. कळ जास्त वेळ दाबून धरली की चित्र दाट होते. बोट जोराने दाबले तर मधला काळा भाग पसरतो, तिरके ठेवले तर वलय एका बाजूला तुटल्यासारखे दिसते. रंगीत फिल्मचे गणित तर आणखी निराळे आहे. फिल्मच्या पुढच्या बाजूला विसर्जन झाले तर निळा रंग उमटतो. फिल्म जराशी उचललेली राहिली आणि तिच्या मागच्या पोकळीत ठिणगी पडली, तर तोच प्रकाश फिल्ममधल्या लाल थरावर आधी पडतो आणि चित्रात तांबडे-नारिंगी डाग येतात. ‘लाल म्हणजे राग, निळा म्हणजे शांती’ असे सांगणाऱ्याने हे लक्षात घ्यायला हवे की फिल्म सपाट बसली नाही तरी शांत माणूस रागीट ठरू शकतो.

पण या सगळ्यांहून मोठा घटक म्हणजे ओलावा. अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठातील पेहेक, कायलर आणि फाउस्ट यांचा या विषयावरचा अभ्यास १९७६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. माणसाच्या बोटाच्या चित्रांत जे फरक दिसतात, त्यांतील बहुतेकांचा उलगडा त्वचेवरच्या आणि त्वचेतल्या ओलाव्याने होतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. बोटावरचा ओलावा फिल्मच्या थरात उतरतो, तिथला विजेचा भार कसा पसरेल हे बदलतो आणि केसरांचा आकार, लांबी, रंग हे सारेच पालटते.

ताज्या पानाचे वलय भरगच्च आणि सुकलेल्या पानाचे फिकट का, याचेही कारण यात सापडते. पान सुकते म्हणजे त्यातले पाणी जाते. गाजलेले ‘अदृश्य पान’ही असेच. पानाचा तुकडा कापून टाकला तरी चित्रात पूर्ण पानाची आकृती उमटते, असा तो दावा. आधी अख्खे पान ज्या काचेवर दाबले, त्याच काचेवर नंतर कापलेले पान ठेवले तर पहिल्या पानाचा ओला ठसा तिथे उरलेला असतो. प्रत्येक वेळी काच नीट पुसून कोरडी केली की कापलेले पान कापलेलेच दिसते.

घामाची भाषा

तरीही एक शंका उरते. काळजीत असलेल्या माणसाचे चित्र वेगळे येते, व्यायामानंतर वेगळे येते, असे सांगणारे सगळेच खोटे बोलतात का? नाही. तळहात आणि बोटांच्या टोकांवर घर्मग्रंथींची दाटी असते आणि त्यांचा ताबा अनुकंपी मज्जासंस्थेकडे असतो. भीती वाटली, मुलाखतीला बसलो, डॉक्टरांच्या खोलीबाहेर नंबर लागला, की तळहात ओले होतात. साहजिकच चित्र बदलते. ज्याला आपल्या प्रकृतीची धास्ती आहे, तोच अशा शिबिरात येतो. त्याचा हात घामेजलेला असतो. ‘तुमच्या मनावर ताण दिसतोय’ हे वाक्य त्यामुळे सहसा चुकत नाही. पुढचे सगळे ऐकण्याची तयारी त्या एका बरोबर आलेल्या वाक्याने होते.

घामात माहिती असते, हे वैद्यकशास्त्र मान्य करते. थायरॉइड वाढलेल्या माणसाचे हात गरम आणि ओलसर असतात. जुन्या मधुमेहात मज्जातंतूंना इजा झाली की पायांचा घाम कमी होऊन त्वचा कोरडी पडते, भेगाळते. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात घामातील क्लोराइड मोजून निदान केले जाते. पण या प्रत्येक ठिकाणी नेमकी कोणती गोष्ट मोजली हे ठाऊक असते आणि ती आकड्यात सांगता येते. वलयाच्या चित्रात थायरॉइडचा घाम, परीक्षेचा घाम, आणि जिना चढून आल्याचा घाम हे सारे एकत्र कालवले जाते. मग यातला कोणता घाम यकृताचा, हे कसे ठरवायचे? शिवाय हवामान आहेच. वैशाखातल्या कोरड्या चंद्रपुरात काढलेले चित्र आणि आषाढातल्या दमट रत्नागिरीत काढलेले चित्र यांची तुलना माणसाच्या प्रकृतीविषयी फारसे काही सांगू शकत नाही.

१९९०च्या दशकात रशियातील कॉन्स्टन्टिन कोरोत्कोव्ह यांनी फिल्मऐवजी डिजिटल कॅमेरा आणि संगणक वापरणारी आवृत्ती आणली. तीत दहाही बोटांची चित्रे घेतली जातात आणि वलयाचे पाकळ्यांसारखे भाग पाडून एकेक भाग एकेका अवयवाच्या नावाने लावला जातो. छापील अहवालात आकडे, आलेख, रंगीत मानवी आकृती असे सगळे असते. तो पॅथॉलॉजीच्या अहवालासारखा दिसतो, म्हणून विश्वास बसतो. पण करंगळीच्या अमुक कडेचा हृदयाशी किंवा आतड्याशी थेट संबंध जोडणारी नस अथवा रक्तवाहिनी शरीररचनाशास्त्राला सापडलेली नाही. जत्रेत किंवा मॉलमध्ये चेहऱ्याभोवती रंगीत ढग दाखवणारे जे ‘ऑरा फोटो’ मिळतात, त्यांतील बहुतेकांत तर उच्चदाबाचाही संबंध नसतो. हाताखालच्या सेन्सरचे आकडे घेऊन सॉफ्टवेअर फोटोवर रंग चढवते.

एक्स-रेला मान मिळाला, याला का नाही?

विल्हेल्म राँटगेन यांनी १८९५च्या डिसेंबरमध्ये आपल्या पत्नीच्या हाताचे एक्स-रे चित्र काढले, तेव्हा तेही असेच गूढ वाटले होते. पण काही आठवड्यांत युरोप-अमेरिकेतल्या अनेक प्रयोगशाळांनी तसेच चित्र काढून पाहिले आणि सर्वांना हाडे दिसली. चित्रात जिथे मोड किंवा गोळी दिसे, शस्त्रक्रियेत ती तिथेच सापडे. त्यात चालवणाऱ्याच्या मनाचा काही भाग नव्हता.

ईसीजीचेही तसेच. हृदयाची स्वतःची वीज त्वचेवर साधारण एक मिलिव्होल्ट, म्हणजे व्होल्टचा हजारावा भाग, इतकी भरते. ईसीजीचे यंत्र शरीरात वीज न सोडता ही कुजबुज ऐकते. किर्लियन कॅमेऱ्यात नेमके उलटे आहे. तिथे बाहेरून दहा हजार व्होल्ट लावले, तर तो दाब हृदयाच्या संकेताच्या एक कोटी पट झाला. त्या गोंगाटात शरीराची स्वतःची वीज ऐकू येण्याची शक्यता नाही.

कुठल्याही नव्या तपासणीला वैद्यकशास्त्र काही साधे प्रश्न विचारते. त्याच माणसाची तपासणी पुन्हा केली तर तेच उत्तर येते का? दोन वेगळ्या तंत्रज्ञांनी केली तर? रुग्ण कोण आणि निरोगी कोण, हे माहीत नसलेल्या माणसाला चित्रे वाचायला दिली तर तो बरोबर ओळखतो का? आजार असलेल्या शंभरांतले किती पकडले जातात, आणि आजार नसलेल्या किती जणांना उगाच घाबरवले जाते? रक्तातील साखरेपासून थुंकीतील क्षयजंतूंपर्यंत प्रत्येक तपासणीला ही चाळणी पार करावी लागली आहे. वलयाच्या चित्राने ती पार केलेली नाही.

नुकसान कुठे होते?

फोटोचे पैसे गेले, एवढ्यावर भागले तर ठीक. खरे नुकसान दोन प्रकारचे असते. वलय अखंड आहे असे सांगितल्याने स्तनातली गाठ, शौचातले रक्त किंवा तीन आठवडे न हटणारा खोकला अंगावर काढला जातो. आज लवकर पकडला तर बरा होऊ शकणारा कर्करोग सहा महिन्यांनी पुढच्या टप्प्यात गेलेला असतो. दुसरा प्रकार म्हणजे वलय ‘सुधारले’ म्हणून मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी बंद करणे. वलय घामाने बदलले असेल, रक्तातली साखर मात्र आपल्या गतीने वाढत राहते आणि ती डोळे व मूत्रपिंड खाते.

कायदाही याकडे पाहतो. १९५४च्या औषधे व जादुई उपचार आक्षेपार्ह जाहिरात कायद्यानुसार कर्करोग, मधुमेह यांसारख्या यादीतल्या आजारांचे निदान किंवा उपचार अमुक औषधाने होतात, अशी जाहिरात करता येत नाही. जादुई उपचारांच्या जाहिरातींनाही बंदी आहे.

घरचे प्रयोग आणि विजेचा धक्का

हौस म्हणून किंवा विज्ञान प्रदर्शनासाठी असा कॅमेरा घरी बनवण्याचा मोह होतो. गाडीची इग्निशन कॉइल किंवा जुन्या मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर त्यासाठी सहज मिळतो. इथे सावध राहायला हवे. तयार यंत्रात विजेचा प्रवाह अगदी कमी राखलेला असतो. मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर मात्र सुमारे दोन हजार व्होल्टवर जीवघेणा प्रवाह देतो. लाकडावर लिख्टेनबर्ग नक्षी जाळण्यासाठी तो वापरताना परदेशात अनेकांचे प्राण गेले आहेत. अमेरिकेतील लाकूड कातकामाच्या कारागिरांच्या संघटनेने म्हणूनच आपल्या कार्यक्रमांत हा प्रकार बंद केला.

घरातल्या ५० हर्ट्झ विजेचा सुमारे १० मिलिअँपियर प्रवाह हातातून गेला की स्नायू आखडतात आणि पकडलेली तार सुटत नाही. त्याच्या दहापट प्रवाह छातीतून गेला तर हृदयाचे ठोके बिघडून ते थांबू शकते. कपॅसिटर तर प्लग काढल्यावरही भार धरून बसतो. हृदयात पेसमेकर किंवा डिफिब्रिलेटर बसवलेला असेल, कानात कॉक्लिअर इम्प्लांट असेल, तर तयार यंत्रावरही बोट ठेवू नये. दमेकऱ्याला बंद खोलीतला ओझोन त्रास देऊ शकतो.

धक्का बसलेल्या माणसाला हात लावण्याआधी मुख्य स्विच बंद करावा. ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडाने तार दूर करावी, मात्र हा उपाय घरगुती दाबापुरताच. उच्चदाब वाहिनीच्या जवळ जाऊ नये. श्वास नसेल तर छाती दाबण्यास लगेच सुरुवात करून १०८ला फोन लावावा. माणूस उठून बसला, बोटावर फक्त चट्टा आहे, तरी त्याला रुग्णालयात न्यावे. विजेच्या भाजण्यात वरची जखम लहान आणि आतले स्नायू जळलेले, असे होऊ शकते. लघवी तपकिरी झाली तर ती धोक्याची खूण समजावी. हृदयाचा ईसीजी काढणे आवश्यक असते.

आणि कुणी बोटाच्या वलयावरून आजार सांगितलाच, तर घाबरू नये आणि निर्धास्तही होऊ नये. जे लक्षण मनात घर करून बसले आहे ते डॉक्टरांना सांगावे आणि रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन या साध्या तपासण्या करून घ्याव्यात. शासकीय रुग्णालयात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात त्या होतात. चालू असलेली गोळी कुठल्याही चित्राकडे पाहून थांबवू नये. छंद म्हणून नाण्याचे किंवा पिंपळपानाचे चित्र काढायचे असेल, तर ते जाणकाराच्या देखरेखीखाली, प्रमाणित यंत्रावर काढावे. काच कोरडी पुसून एक, आणि तिच्यावर फुंकर मारून दुसरे. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली की ओलाव्याचा परिणाम किती मोठा असतो, ते शाळेतल्या मुलालाही दिसेल.